तातडीच्या वैद्यकीय मदतीला जाणाऱ्या स्वयंसेवकांसाठी: नको वाटणाऱ्या प्रसंगांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रशिक्षणाच्या वर्गातला पुतळा ओकत नाही, त्याला वास येत नाही आणि त्याची बायको दारात उभी राहून आपल्या हातांकडे बघत नसते. पहिल्या चार-पाच कॉलनंतर नवे स्वयंसेवक मला बाजूला घेऊन जे विचारतात, ते बहुतेक या तीन गोष्टींपैकीच कशाबद्दल तरी असतं. वर्गात हात वर करून हे कोणी विचारत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते आहे. उपचारांबाबत तुमच्या पथकाचे नियम वेगळे असतील, तर ते पाळा.

रक्त बघून मला भोवळ येते. या कामात यायलाच नको का?

या, पण थोडा सराव करून या. रक्त बघून भोवळ येणं हा भित्रेपणा नाही, शरीराची ती एक खोड आहे. एरवी माणूस घाबरला की रक्तदाब चढतो आणि भीती असेपर्यंत चढलेला राहतो. रक्ताच्या बाबतीत काही जणांचा आधी चढतो आणि मग धाडकन उतरतो. नाडी मंदावते, मेंदूला रक्त अपुरं पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणूनच ‘अंग सैल सोड, शांत हो’ हा नेहमीचा सल्ला इथे अंगाशी येतो.

लार्स-गोरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात यावर जो उपाय बसवला, तो नेमका उलटा आहे. दंड, पोट आणि मांड्यांचे स्नायू एकदम आवळायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १५ सेकंद. मग सोडायचे, पण अगदी ढिले नाही. २०-३० सेकंद थांबून पुन्हा. असं पाच वेळा. आधी घरी नुसतंच करा, मग जखमांची छायाचित्रं बघताना करा. कॉलवर गुडघ्यांवर बसून हे करताना शेजारच्याला पत्ताही लागत नाही.

आपली पूर्वखूण ओळखून ठेवा. कोणाला एकामागून एक जांभया येतात, कोणाच्या कानात गुंई होतं, माझे ओठ गार पडतात. खूण दिसली की सोबत्याला ‘मी बसते’ एवढं सांगून खाली बसायचं. उभ्याने निभावून न्यायला गेलात आणि पडलात, तर पथकाला एकाऐवजी दोन रुग्ण सांभाळावे लागतात. आणखी एक निरीक्षण: जखमेवर दाब देणारा सहसा पडत नाही, भिंतीला टेकून बघत राहिलेला पडतो. तेव्हा हातात काम मागून घ्या. नाडी मोजा, वेळ लिहा, बॅटरी धरा, काहीही.

वासाचं काय करायचं?

माझ्या बघण्यात रक्तापेक्षा वासाने जास्त जण गार झाले आहेत. पोटात रक्तस्राव झालेल्या माणसाची डांबरासारखी काळी शी, सडलेला पाय, चार दिवस बंद असलेली खोली. वर्णन करण्यात अर्थ नाही. पहिल्यांदा आला की कळेल, आणि दुसऱ्यांदा दारातूनच ओळखाल. वासाचा मार्ग मेंदूतल्या भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांशी फार थेट जोडलेला आहे. त्यामुळे विचार करायच्या आतच पोटात ढवळायला लागतं.

चांगली गोष्ट अशी की नाक काही मिनिटांत सरावतं. म्हणून ताज्या हवेसाठी सारखं बाहेर जाऊ नका. परत आत आलात की नाकाचा सराव पुन्हा पहिल्यापासून. आत शिरा, तोंडाने श्वास घ्या, ती पहिली दोन-तीन मिनिटं कामात घालवा. नाकाखाली मेन्थॉलचं मलम चोपडायचा सल्ला जुनी मंडळी देतात. मेन्थॉलने नाकात गार वाटतं, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण वास अडत नाही. मास्कला आवडतं अत्तर लावणं तर त्याहून वाईट. मी एकदा केलं. मला फार प्रिय असलेला एक वास त्या दिवसापासून माझ्यासाठी संपला.

वास सांगतोही बरंच. बेशुद्ध मधुमेही माणसाच्या श्वासाला पिकल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा वास येत असेल तर तो लगेच पुढच्या डॉक्टरांना कळवा. गॅसचा किंवा कुठल्या रसायनाचा वास आला तर मात्र नाक सरावायची वाट बघायची नाही, तिथून सगळ्यांनी बाहेर पडायचं. आणि एकाच घरात तीन-चार जणांचं डोकं दुखतंय, मळमळतंय आणि वास कसलाच नाही, असं असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्या; त्याला वास नसतो.

शेवटचं म्हणजे चेहरा. आपल्याला वास येतोय हे रुग्णाला ठाऊक असतं. आपलं नाक मुरडलेलं त्याला मास्कच्या वरूनही दिसतं, कपाळावर.

मलाच उलटी झाली तर?

पाठ फिरवा, ओका, चूळ भरा, हातमोजे बदला, परत या. सोबत्याला एका शब्दात सांगून जा, म्हणजे तो रुग्णाजवळ राहील. मास्क आधी खाली ओढा. (हे लिहावं लागतंय, यावरून काय ते समजा.) यात कोणाचा कमीपणा होत नाही. रुग्णाचं डोकं हातात धरलेलं असताना न सांगता निघून जाणं मात्र चालणार नाही.

रुग्णाचं रक्त डोळ्यात उडालं किंवा वापरलेली सुई टोचली तर?

डोळा किंवा तोंड असेल तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, दहा-पंधरा मिनिटं तरी. कॉन्टॅक्ट लेन्स असल्या तर काढून पुन्हा धुवा. सुई टोचली असेल तर जागा साबण-पाण्याने धुवा. जखम पिळू नका, चोखू नका, त्यावर ब्लीच ओतू नका. मग लगेच पथकप्रमुखाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या रक्ताची सुई टोचल्यावर लागण होण्याची शक्यता सरासरी हजारात तीनच्या आसपास आहे, आणि प्रतिबंधक औषधं वेळेत सुरू केली तर ती आणखी बरीच कमी होते. वेळेत म्हणजे शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत. कोर्स २८ दिवसांचा. हिपॅटायटिस बी याहून कितीतरी जास्त सहज पसरतो, पण त्याची लस आहे. पहिल्या कॉलला जायच्या आधी ती पूर्ण घ्या आणि अँटीबॉडी तयार झाल्या का ते तपासून घ्या. लाजेखातर सुई टोचल्याचं लपवणारे असतात. ते ७२ तास त्यांच्या हातून तसेच निघून जातात.

सीपीआर देताना माझ्या हाताखाली बरगडी मोडली. मी त्यांना इजा केली का?

केली असणार, आणि तरीही तुमचं बरोबर होतं. सीपीआर म्हणजे थांबलेल्या हृदयासाठी छाती दाबत राहणं, आणि मोठ्या माणसाची छाती निदान ५ सेंटीमीटर दाबायची असते, ६च्या पुढे नाही, मिनिटाला १०० ते १२० वेळा. एवढा जोर लावल्यावर, त्यातून वयस्क माणूस असला तर, बरगड्या बऱ्याचदा मोडतात. आवाज येतोच असं नाही. बोटं मोडताना कसं आतून कळतं, तसं तळहाताला कळतं, फक्त मोठं. त्यानंतर छाती मऊ लागते, खाली जाते आणि परत यायला कुरकुरते. नव्या माणसाचा हात इथे आपोआप हलका पडतो. पडू देऊ नका. तळहात बरोबर छातीच्या हाडावर आहे ना एवढं बघा आणि मोजणी चालू ठेवा. मोडलेली बरगडी जुळते, थांबलेल्या हृदयाला तेवढा अवधी नसतो.

याच वेळी आणखी तीन गोष्टी घडू शकतात, ज्या वर्गात नीट सांगितल्या जात नाहीत. पहिली, पोटातलं तोंडातून बाहेर येतं. कुशीवर वळवा, तोंड साफ करा, परत उताणं करा, चालू. दुसरी, आचके. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं बऱ्याच जणांचं तोंड माशासारखं उघडतं-मिटतं, घोरल्यासारखा आवाज येतो. घरचे ओरडतात, ‘बघा, श्वास घेतायत!’ हा श्वास नाही. हात थांबवू नका. तिसरी गोष्ट क्वचित घडते, पण घडली की हादरायला होतं: दाब चांगले बसत असले तर मेंदूला रक्त पोचतं आणि माणूस हात हलवतो, डोळे उघडतो, कधी तुमचा हातही ढकलतो. थांबलात की परत निपचित. नीट श्वास सुरू झालाय का ते पाहा. नसेल तर दाबत राहा.

एवढं करून बहुतेक माणसं वाचत नाहीत. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी घरी परतणारे बहुतेक ठिकाणी दहात एक किंवा त्याहूनही कमी असतात. हा आकडा मला पहिल्या दिवशी कोणी सांगितला असता, तर पहिले पाच मृत्यू मी माझ्या खात्यात मांडले नसते.

आपण पोचेपर्यंत सगळं संपलेलं असेल तर?

तर घाई संपली. शरीर ताठलेलं असेल, खालच्या बाजूला रक्त साकळून जांभळट डाग पडले असतील, सडायला सुरुवात झाली असेल, तर सीपीआर सुरू करायचा नसतो. यातलं काही दिसत नसेल आणि शंका असेल, तर सुरू करायचा.

मी पाहिलेला पहिला मृत्यू रक्ताचा नव्हता. आराम खुर्चीत एक आजोबा होते, चष्मा घडी करून हातात धरलेला. टेबलफॅन चालू होता आणि मान वळवत वळवत दर काही सेकंदांनी त्यांच्या कपाळावरचे केस उडवत होता. मी आधी तो फॅन बंद केला. का, ते आजही सांगता येणार नाही. पण मला ते केस हलताना बघवेनात. खरं तर तसं करायला नको होतं. मृत्यू कशाने झाला हे माहीत नसतं, तेव्हा पोलिस येईपर्यंत दिवा, दार, पंखा, ग्लास, काहीही हलवायचं नसतं. हात लागलाच तर कुठे लागला ते लिहून ठेवायचं. मी तसं लिहून दिलं. आमच्या पथकप्रमुख काही बोलल्या नाहीत, फक्त ‘पहिला ना?’ असं विचारलं.

मृत शरीराशी बोलावंसं वाटलं तर बोला. ‘आजोबा, तुमचा हात बाजूला घेते हं’ असं म्हणणारे मी पाहिलेत आणि त्यांचे हात कमी थरथरतात.

घरच्यांना कोण सांगणार, आणि कसं?

मृत्यू घोषित करणं हे बहुतेक ठिकाणी डॉक्टरांचं काम आहे, आपलं नाही. पण विचारतात आपल्यालाच, कारण आपण समोर असतो. डॉक्टर यायचे असतील तर खोटं न बोलता सांगा: ‘त्यांचं हृदय थांबलंय. आम्ही प्रयत्न करतोय. परिस्थिती फार गंभीर आहे.’ ‘सगळं ठीक होईल’ हे वाक्य तुमच्या तोंडातून कधीच येता कामा नये.

सांगायचं काम तुमच्याकडे आलंच, तर आधी बसा आणि त्यांनाही बसवा. समोरचा नात्याने कोण, हे विचारून घ्या. ‘वाईट बातमी आहे’ एवढं म्हणून एक श्वास थांबा. मग ‘त्यांचा मृत्यू झाला आहे’ असं स्पष्ट सांगा. आपल्याला ‘गेले’ म्हणायची सवय असते. ‘बाबा गेले’ म्हटल्यावर ‘कुठल्या हॉस्पिटलला?’ असं विचारणारा मुलगा माझ्यासमोर उभा होता, आणि त्याला दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड गेलं. त्यानंतर गप्प बसा. ‘तुमचं दुःख मी समजू शकते’, ‘देवाची इच्छा’, ‘सुटले बिचारे’ यातलं काही नको. सुटले की नाही ते घरच्यांनी म्हणायचं.

सीपीआर चालू असताना घरच्यांना बाहेर काढायचं की नाही, यावर पथकांमध्ये वाद होतात. फ्रान्समध्ये ५७० नातेवाइकांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना थांबायचं का असं विचारलं गेलं होतं, त्यांच्यात तीन महिन्यांनी मानसिक आघाताची लक्षणं कमी आढळली, आणि त्यांच्या असण्याने उपचारांत अडथळाही आला नव्हता. माझं मत त्याआधीपासूनच हे आहे: विचारा. थांबतो म्हणाले तर एक माणूस त्यांच्याजवळ उभा करा.

नातेवाईक शिव्या देतात, अंगावर धावून येतात. अशा वेळी?

‘एवढा उशीर का झाला?’ याचं उत्तर द्यायला जाऊ नका. रस्त्याची, फोनची, गाडीची कारणं त्या क्षणी उद्धटपणा वाटतात. ‘आलोय आम्ही. काय झालं ते सांगा’ एवढं पुरे. जो सर्वांत जास्त ओरडतो त्याला काम द्या: औषधांची पिशवी आणा, खाली जाऊन गाडीला रस्ता दाखवा. दहापैकी सात वेळा ओरडणं तिथेच ओसरतं.

उरलेल्या तीन वेळांसाठी दाराची बाजू आपल्याकडे ठेवा. खोलीत शिरतानाच बाहेर पडायची वाट बघून घ्यायची, हा नियम मी कधी मोडत नाही. हात उगारला गेला, हत्यार दिसलं, की निघायचं आणि पोलिसांची वाट बघायची. रुग्णाला सोडून जाणं मनाला लागतं, हे खरं आहे. तरीही निघायचं.

रुग्ण स्वतःच मारायला उठला असेल तर ‘दारूडा आहे’ म्हणून मोकळे होऊ नका. रक्तातली साखर उतरलेला, डोक्याला मार लागलेला, ऑक्सिजन कमी पडलेला माणूस अगदी असाच वागतो. शुद्धीवर आल्यावर त्याला त्यातलं काही आठवतही नाही.

उघडं शरीर, मलमूत्र, कपडे कापणं... मला फार संकोच वाटतो.

तुमच्यापेक्षा त्यांना जास्त वाटतो. काय करणार ते आधी सांगा, लागेल तेवढंच उघडा, झालं की झाका. एक जास्तीची चादर कायम पिशवीत. गर्दीला पाठ करून उभं राहायला दोन माणसं सांगा. शुद्धीत असलेल्या माणसाला आपली चड्डी ओली झाल्याचं कळलेलं असतं. त्याचा उल्लेख करू नका, चादर ओढा आणि दुसरं काही विचारा.

रुग्ण ओळखीचा निघाला तर?

पगारी कर्मचाऱ्यापेक्षा स्वयंसेवकाच्या वाट्याला हे जास्त येतं, कारण आपण राहतो तिथेच कॉलला जातो. आधी सोबत्याला सांगा. दुसरा माणूस असेल तर त्याला पुढे करा, तुम्ही सामान आणि नोंदी बघा. नसेल तर नावाने हाक मारा आणि नंतर उपचाराच्या पायऱ्या मोठ्याने म्हणत काम करा. मोठ्याने म्हटल्यावर हात शिकलेलं करतात, मन मागे राहिलं तरी.

खरी अडचण पुढे येते. ती व्यक्ती किंवा तिचं कुटुंब तुम्हाला रस्त्यात भेटत राहतं. काही जण येऊन हात धरतात, काही जण तुम्ही दिसलात की रस्ता बदलतात. त्यांच्यासाठी तुम्ही म्हणजे ती रात्र असता. यात राग धरण्यासारखं काही नाही, आणि चौकशी करायला त्यांच्या मागे जायचंही कारण नाही.

लहान मूल असेल तर?

याला चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. बारा वर्षांत मला सराव झाला नाही आणि ज्यांना झाला असं ते म्हणतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. कामाच्या बाजूने दोन गोष्टी उपयोगी पडतात. वय आणि वजनानुसार मात्रा, दाबाची खोली लिहिलेलं कार्ड खिशात ठेवा, कारण त्या वेळी गणित सुचत नाही. (बाळाची छाती तिच्या जाडीच्या एक तृतीयांश दाबायची, म्हणजे साधारण ४ सेंटीमीटर.) आणि ज्यांच्या घरी त्याच वयाचं मूल आहे, त्यांनी शक्य असेल तर त्या कॉलला पुढे होऊ नये. हे आधीच पथकात बोलून ठेवावं, ऐनवेळी नाही.

अशा कॉलनंतर त्या रात्री एकट्याने गाडी चालवत घरी जाऊ नका.

कॉल संपल्यावर हात थरथरतात. आणि उलट, कधी काहीच वाटत नाही. यातलं बिघडलेलं कोणतं?

दोन्ही नाही. थरथर म्हणजे अंगात चढलेलं अ‍ॅड्रेनलिन उतरतंय. पाणी प्या, थोडं चाला, काही खा. काहीच न वाटणंही नेहमीचं आहे. कधी ते तिसऱ्या दिवशी भांडी घासताना वाटतं, कधी कधीच वाटत नाही. आपल्या आयुष्यातलं दुःख खर्च करायला प्रत्येक अनोळखी माणूस येत नाही आणि त्याबद्दल अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

ती दृश्यं डोळ्यांसमोरून जात नाहीत. किती दिवस हे चालायचं?

पहिल्या काही दिवसांत झोप मोडणं, दृश्य अचानक समोर उभं राहणं, चिडचिड, हे बहुतेकांना होतं आणि हळूहळू विरतं. महिना उलटून गेला तरी तेच, किंवा वाढलेलं. तो रस्ता टाळता, रेडिओ खरखरला की दचकता, माणसांत असून नसल्यासारखे राहता, तर ते आपोआप जाईल म्हणून बसू नका. आघातोत्तर ताणविकाराचं निदान महिनाभरानंतरच केलं जातं. हा विकार १९८०पासून अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात आहे, आणि मदतकार्यात वारंवार भीषण गोष्टींना सामोरं जावं लागणाऱ्यांनाही तो होऊ शकतो, हे २०१३च्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर महिना मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं.

‘सगळ्यांनी बसून बोलून मोकळं व्हायचं’ अशी सक्तीची बैठक अनेक पथकांत असते. अशा बैठकीची पद्धत जेफ्री मिचेल यांनी १९८३ साली अमेरिकेत मांडली. हेतू चांगलाच होता. पण आघातानंतर लगेच एकदाच बसवून सगळं पुन्हा वदवून घेतल्याने पुढचा विकार टळतो, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं नाही. आघात झालेल्या रुग्णांवरच्या काही अभ्यासांत तर अशा बैठकीने त्रास वाढल्याचं आढळलं. म्हणून बैठक हवी, सक्ती नको. ज्याला बोलायचंय त्याला ऐकणारं कोणी असावं, ज्याला नाही त्याने चहा पिऊन घरी जावं, आणि आठवड्याने कोणीतरी त्याला फोन करावा. हा फोन सगळ्यात जास्त राहून जातो.

एक गमतीशीर वाटेल अशी गोष्ट: एमिली होम्स या संशोधिकेने २००९ साली दाखवलं की त्रासदायक दृश्यं पाहिल्यावर थोड्या वेळाने टेट्रिस हा ठोकळे बसवायचा व्हिडिओ गेम खेळलेल्यांना ती दृश्यं पुढच्या आठवड्यात कमी वेळा अचानक आठवली. नंतर अपघातग्रस्त रुग्णांवरही असाच प्रयोग झाला. मेंदू आकार बसवण्यात गुंतला की दृश्याची आठवण तितकी घट्ट बसत नाही, असं त्यामागचं स्पष्टीकरण आहे. हा काही उपचार नव्हे. पण परतीच्या गाडीत कोणी ठोकळे फिरवत बसलं असेल तर त्याला हटकू नका. दारू मात्र नको. झोप लवकर लागते आणि पहाटे तुटते.

माझ्या हातून चूक झाली आणि ती पुसली जात नाही.

चूक नोंदवा. पथकप्रमुखाला सांगा, कागदावर लिहा, खाडाखोड न करता. अल्बर्ट वू या डॉक्टरांनी २००० साली अशा चुकीने खचलेल्या वैद्यकीय माणसाला ‘दुसरा बळी’ म्हटलं. हा शब्द काहींना आवडत नाही, रुग्णाच्या घरच्यांना तर नाहीच, आणि त्यांचंही बरोबर आहे. पण खचणं खरं असतं.

मी एकदा ऑक्सिजनच्या सिलिंडरचा वरचा खटका न उघडताच मास्क लावला होता. साधारण एक मिनिट. रुग्णाला काही झालं नाही. त्यानंतर मी कोणाच्याही तोंडावर मास्क ठेवण्याआधी तो माझ्या गालाजवळ धरून हवा येतेय का ते बघते. नवे लोक विचारतात हे काय, तेव्हा सांगते.

घरी किती सांगायचं?

रुग्णाचं नाव, घर, आजार, काहीच नाही. स्वतःचं हवं तितकं: ‘आज वाईट कॉल होता, मला थोडा वेळ गप्प बसू दे.’ काहीच न सांगता दार लावून घेतलं की घरच्यांना वाटतं आपलंच काही चुकलं. फोटो काढायचे नाहीत, पथकाच्या गटात टाकायचे नाहीत, ‘चेहरा दिसत नाही’ ही सबब चालत नाही.

आपसात विनोद केले तर चालतं का?

दार बंद असेल, गाडी निघालेली असेल आणि विनोद स्वतःवर किंवा परिस्थितीवर असेल तर चालतं, बऱ्याचदा तेच तारून नेतं. गाडीतल्या एकालाही हसू येत नसेल तर थांबा.

आम्हाला पगार नाही. एखाद्या कॉलला नाही म्हणता येतं का?

येतं. ड्यूटी घेतली असेल तर आधी कळवून बदली द्या, पण ‘मला आज जमणार नाही’ याला कारण जोडायची गरज नाही. पगारी माणसाची पाळी संपते. आपल्याला कोणी घरी जा म्हणत नाही, म्हणून ते आपणच म्हणायचं. पाच-सहा महिने सुटी घेऊन परत आलेले आमच्याकडे बरेच आहेत. न सांगता यायचे बंद झालेले त्याहून जास्त आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणी फोन उचलत नाही.

गणवेशावरचं रक्त निघत नाही. काय करू?

गार पाणी. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं गोठून धाग्यात बसतात आणि मग डाग कायमचा. हातमोजे घाला, कपडा घरच्या कपड्यांपासून वेगळा ठेवा, आधी गार पाण्यात भिजवा, राहिलेल्या डागावर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड टाका. फेस येईल, पुसा, पुन्हा टाका. रंगीत कापड असेल तर आधी आतल्या शिवणीवर करून बघा, रंग जातो. डाग गेल्यावर मग साबण आणि गरम पाणी. बूट दाराबाहेर काढा आणि तळव्याच्या खाचा जुन्या ब्रशने घासा. नाड्या सगळे विसरतात. त्या धुवत बसू नका, नव्या घाला. एक जोडी गाडीत असू द्या.